भूत, रक्तपिशाच्च आणि लांडगा एकाच भाड्याच्या घरात : 'बीइंग ह्युमन' कुणी पाहिली आहे का?

गोदाकाठी
मंडळी, सल्ला हवाय. धाकटी बहीण कोजागरीला नाशिकला येतेय, भाऊबीज करूनच जाणार. आई-बाबा नऊला झोपतात. म्हणजे रात्री आम्ही दोघं आणि टीव्ही. तिला 'भुताचं काहीतरी' बघायचंय, पण पोरगी इतकी भित्री की २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "गेलं का ते? आता येऊ का?"

तिच्यासाठी मी एक मालिका हेरून ठेवलीय. 'बीइंग ह्युमन', बीबीसी थ्रीची. २००८ मध्ये नमुन्यादाखल एकच भाग दाखवला होता, खरी मालिका २००९ ते २०१३. लेखक टोबी व्हिटहाउस. गोष्ट अशी : मिशेल आणि जॉर्ज हे दोघे ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात पोर्टर, म्हणजे आपल्याकडचे वॉर्डबॉय. दोघे मिळून घर भाड्याने घेतात. घरात अ‍ॅनी नावाची मुलगी आधीपासून राहतेय, फक्त ती मेलेली आहे. मिशेल रक्तपिशाच्च, पहिल्या महायुद्धात झालेला. जॉर्ज दर पौर्णिमेला लांडगा होतो. त्या अ‍ॅनीला कुणाशी तरी बोलायला मिळतं म्हणून ती दिवसभर चहा करत सुटते. स्वतःला पिता येत नाही. घरभर भरलेले कप!

मला ती भयकथा वाटलीच नाही. तिघांचा सगळा जीव एकाच गोष्टीसाठी चाललेला असतो : शेजारच्यांना आपण चारचौघांसारखे वाटावं. कचरा वेळेवर बाहेर ठेवायचा, भाडं द्यायचं, पाहुणे आले तर हसून बोलायचं.

प्रश्न तीन. भित्र्या माणसाला हे झेपेल का? ब्रिटिश लावू की अमेरिकन? आणि कुठे थांबावं, कारण पुढे पुढे मंडळी बदलतात असं ऐकलंय.

मिसळ_जास्त_तर्री
आधी सांगा, बहीण सासरी जाऊन भित्री झाली की माहेरचं आहे? (दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या)

नुसताच_वाचक
वाखू (वाचनखूण) साठवली.

शब्दखोर
धागा चांगला. पण 'लांडगा' म्हणून भागत नाही, तो लांडगा नाही, लांडगा होणारा माणूस आहे. मराठीत याला नेमका शब्दच नाही. कुठेतरी 'वृकमानव' वाचलं होतं.

मिसळ_जास्त_तर्री
वृकमानव म्हणजे एमपीएससीच्या पेपरातला प्रश्न वाटतो. "खालीलपैकी वृकमानव कोण?" आपण लांडगोबा म्हणू.

शब्दखोर
चेष्टा सोडा, मुद्दा आहे. आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस, समंध, गिऱ्हा, जखीण, झोटिंग, चकवा, आसरा, एवढी खानेसुमारी आहे. प्रत्येकाची जात, वय, मरणाचं कारण, राहण्याची जागा ठरलेली. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, आसरा डोहात. पण जिवंत माणूस महिन्यातून एक रात्र जनावर होतो आणि सकाळी कामावर हजर होतो, हे आपल्या यादीत नाही. आपली भुतं मेल्यावर होतात. म्हणूनच मला या मालिकेत जॉर्ज सगळ्यात परका वाटला आणि अ‍ॅनी अगदी घरची.

रातपाळी
मी पाहिलीय, पाचही भाग (म्हणजे सीझन). सगळे मिळून ३६ एपिसोड : पहिल्यात ६, मधल्या तिन्हींत ८-८, शेवटच्यात ६. प्रत्येक तासाभराचा.

मी इथे एका हॉस्पिटलात नर्स आहे, नाव विचारू नका. रात्रपाळीचं मला फार पटलं. हॉस्पिटलात वॉर्डबॉय कुणाला दिसतच नाही हो. स्ट्रेचर आपोआप चालतो असं लोकांना वाटतं. डॉक्टरचं नाव पेशंटला तोंडपाठ, माझं 'सिस्टर', आणि त्याला नुसतंच "अरे ए". ज्याला लपायचंय त्याने वॉर्डबॉय व्हावं, हे लेखकाला बरोबर सुचलंय. आणि ज्याला रक्ताची तहान आहे तो रक्ताच्या पिशव्यांच्या आसपास नोकरी धरतो, हेही. दारू सोडलेल्या माणसाने परमिट रूममध्ये वेटर व्हावं तसं.

घाबरण्याचं म्हणाल तर जॉर्ज बदलतो तो पहिल्याच एपिसोडमधला प्रसंग बहिणीला सांगूनसवरून दाखवा. त्यात मिशेल मागून शांतपणे सांगत असतो की शरीरात काय काय चाललंय. हृदय लहान व्हायला हवं, पण त्याआधी ते थांबावं लागतं, म्हणजे खरा हार्ट अटॅकच. असं एकेक इंद्रिय. मी ड्युटीवर हार्ट अटॅक बघते, तरी मी उशी धरून बसले होते. बाकी फार काही नाही.

गोदाकाठी
@रातपाळी, धन्यवाद ताई. उशी तयार ठेवतो.

अर्धवट_पुणेकर
एक महत्त्वाचा नियम राहिला. यातली रक्तपिशाच्चं उन्हात फिरू शकतात, पण आमंत्रणाशिवाय घरात पाऊल टाकू शकत नाहीत. म्हणजे नाशिककर पहिल्या आठवड्यात संपले. "या, बसा, चहा टाकतो." पुणं मात्र सुरक्षित आहे.

तपोवनवाला
पुण्यात ते दारावरची पाटीच वाचत उभं राहील. सकाळपर्यंत वाचून होणार नाही.

मिसळ_जास्त_तर्री
+१००. "रक्तपिशाच्चांनी १ ते ४ या वेळेत बेल वाजवू नये."

किरमिजी
मी या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मला भुताखेतांत रस नाही. ही मालिका मैत्रिणीने बळेच लावली आणि मी सुरुवातीलाच रडले, तेही चुकीच्या जागी. दोघं घर बघायला येतात, घर पसंत पडतं, किल्ली मिळते. बास, तिथेच.

मी ३४ वर्षांची, घटस्फोटित, एकटी, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मागच्या वर्षी तीन महिने घर शोधत होते. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, शेवटी म्हसरूळपर्यंत गेले. फोनवर पहिला प्रश्न : "फॅमिली का?" दुसरा : "मिस्टर काय करतात?" तिसरा, आवाज खाली करून : "आपल्यातल्याच ना?" एका सोसायटीत सगळं ठरलं, टोकनही दिलं, आणि चेअरमनच्या बायकोने विचारलं, "रात्री कुणी येणार-जाणार नाही ना?" मी म्हटलं, माझी शिफ्ट रात्री अकराला सुटते, म्हणजे मीच येणार. टोकन परत.

तेव्हा जॉर्ज आरडाओरडा करतो ना, "मला फक्त साधं राहायचंय", ते मला पाठ आहे असं वाटतं. नक्की शब्द वेगळे असतील. मी माझ्याच शब्दांत ऐकलं.

पंचवटीकर_काकू
किरमिजी, बाळा, बरं झालं लिहिलंस.

तपोवनवाला
@किरमिजी, खरं आहे. बॅचलर पोरांचंही तेच. मी आणि माझे दोन रूममेट, एक नागपूरचा आणि एक मालेगावचा. मालेगावच्याचं आडनाव सांगितलं की खोली आधीच गेलेली असायची. शेवटी आम्ही दोघंच बघायला जायचो आणि तो राहायला यायचा. रात्री, गुपचूप, गादी घेऊन. अ‍ॅनीसारखा. भाडेकरारात नाव नाही, पण घरात आहे. तिघांत चहा तोच सगळ्यात चांगला करायचा.

शब्दखोर
व्हिटहाउसची मूळ कल्पना भुतांची नव्हतीच. तीन तरुण एकत्र घर घेतात, एकाला रागावर ताबा नाही, एक व्यसनी, एक घराबाहेर पडायला घाबरणारी. लिहिता लिहिता त्याने त्यांचे स्वभाव राक्षसांत घातले. राग तो लांडगा, व्यसन ते रक्त, आणि घराबाहेर न पडणारी ती घराला बांधलेलं भूत. म्हणून ती माणसं वाटतात. आधी माणसंच होती.

अर्धवट_पुणेकर
हे ठाऊक नव्हतं. आता परत बघावी लागणार.

मिसळ_जास्त_तर्री
गंभीर वळण लागलंय तर मी प्रश्न विचारतो. हे तिघं नाशिकला आले तर पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची असते ना? फोटोसकट. मिशेल फोटोत येतच नाही.

नुसताच_वाचक
आधारच्या फोटोत आपण तरी कुठे दिसतो?

तपोवनवाला
हा हा हा. धागा इथेच बंद करा.

मिसळ_जास्त_तर्री
आणि लांडगोबाचं बघा. तो दर पौर्णिमेला रान शोधत फिरतो. आपल्याकडे सोय उत्तम : पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज. पण रामशेजवर पौर्णिमेला ट्रेकवाले पन्नास पोरं घेऊन येतात, बॅटऱ्या लावून. गंगापूर रोडच्या मळ्यात गेला तर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर "बिबट्या दिसला, लहान मुलांना बाहेर सोडू नका", दुपारी वन खात्याचा पिंजरा, आत बकरी. संध्याकाळी पिंजऱ्यात जॉर्ज, उघडा, बकरीशेजारी.

रातपाळी
😂 आणि पौर्णिमा म्हणजे आपल्याकडे सणच. बिचाऱ्याला वर्षभर सुट्टी घ्यावी लागेल. वटपौर्णिमा (जाऊ दे, ती बायकोची), गुरुपौर्णिमा, राखी, कोजागरी, त्रिपुरी, होळी. राखीला बहीण वाट बघतेय आणि हा रामशेजवर. "दादा, तू दरवर्षी असंच करतोस."

अर्धवट_पुणेकर
कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटवताना सगळ्यांच्या पुढ्यात... नको.

गोदाकाठी
माझी बहीण नेमकी कोजागरीलाच येतेय हो. धन्यवाद, सगळ्यांनी मिळून माझी रात्र खराब केल्याबद्दल.

पंचवटीकर_काकू
मी सगळं वाचलं. मालिका पाहिलेली नाही, इंग्रजी पटकन कळत नाही. पण एकाच घरात भुतासोबत राहण्याबद्दल मला थोडं सांगता येईल.

माझं सासर जुन्या पंचवटीतलं. वाडा होता, आता नाही. चौक, चारी बाजूंनी खोल्या, सात भाडेकरू, मागे विहीर आणि विहिरीला लागून पिंपळ. पिंपळावर मुंजा. मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, असं सासूबाई सांगायच्या. नाव कुणी घेत नसे. मी १९७९ साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगितलं, संध्याकाळी दिवा लावलास की मागच्या दारी एक फुलवात ठेवायची, आणि पिंपळाकडे पाठ करून केस विंचरायचे नाहीत. एवढंच. भीती वगैरे कुणी घातली नाही. "तो आधीचा आहे, आपण नंतरचे," सासूबाई म्हणायच्या.

आमच्याकडचा एक भाडेकरू, पोस्टात होता, तो सासऱ्यांना म्हणायचा, "अण्णा, मी एक तारखेला भाडं देतो, मुंजा किती देतो?" सासरे म्हणायचे, "तो पाणी चोरत नाही, तुझ्यासारखं." नळाचं भांडण होतं त्यांचं.

गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला की आम्ही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवायचो, किती पाणी चढलंय. एकदा पाणी गल्लीपर्यंत आलं, रात्रीचं, वीज गेलेली. सगळे भाडेकरू वरच्या मजल्यावर आमच्या खोलीत. सोवळं, ओवळं, जात, पात, पोस्टातला, त्याच्याशी भांडणारे, सगळे एका चटईवर. सासूबाई मागच्या जिन्यात जाऊन पिंपळाकडे बघून ओरडल्या, "तूही वर ये रे बाबा, भिजशील." मी हसले. त्या नाही हसल्या.

ती मुलगी सगळ्यांना चहा करते असं लिहिलंय, ते वाचून मला हे आठवलं.

तपोवनवाला
काकू _/\_

शब्दखोर
काकू, हे वेगळा धागा काढून लिहा. विनंती.

किरमिजी
"तूही वर ये रे बाबा." काकू, हे वाचून मी ऑफिसात चष्मा पुसतेय.

अर्धवट_पुणेकर
काकूंच्या वरून एक सुचलं. अ‍ॅनीच्या मालिकेतल्या जगात असं आहे की भुताचं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते पुरं झालं की त्याच्यासाठी एक दार उघडतं आणि त्याने पलीकडे जायचं. बघताना मला सारखा रामकुंड आठवत होता. दहाव्याला पिंड ठेवून सगळे उभे, आणि कावळा शिवत नाही. मग कुणीतरी पुढे होतं, "धाकटीचं लग्न मी करून देईन", "शेताचं मी बघतो". आणि शिवतो. ते दार म्हणजे आपला कावळा.

माझ्या आजोबांच्या वेळी तासभर कावळा शिवला नाही. काका, आत्या, सगळ्यांनी वचनं दिली. शेवटी आजी पुढे आली आणि म्हणाली, "रेडिओ कुणाला देणार नाही, मीच ऐकीन." शिवला.

मिसळ_जास्त_तर्री
मी आता विनोद करणार नाही.

मिसळ_जास्त_तर्री
बरं, एकच. हे तिघं नाशिकला आले असते तर अ‍ॅनीची मालिका दुसऱ्या एपिसोडला संपली असती. शेजारच्या काकू म्हणाल्या असत्या, "त्र्यंबकला नारायण नागबळी करून टाका, तीन दिवसांचं काम."

शब्दखोर
आपण विसरतोय, आपल्या गावाचं नावच एका राक्षसिणीच्या नाकावरून पडलंय. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नासिक. तीही काय मागत होती? जोडीदार, घर, संसार. वेश बदलून, चारचौघींसारखी दिसून आली होती. पंचवटीतच.

तपोवनवाला
ही एक कथा. दुसरी "नाशिक नव टेकांवर वसविले" आहे, नऊ टेकड्यांची. मी तपोवनात राहतो, मला टेकड्या परवडतात, रात्री एकटं यावं लागतं.

रातपाळी
@शब्दखोर, हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुपारचा_चहा
सगळे मिशेलवर फिदा आहात म्हणून विरोधी मत मांडतो. मला ही मालिका दुसऱ्या भागानंतर सहन झाली नाही. (इथून पुढे स्पॉइलर, गोदाकाठींच्या भगिनीने डोळे मिटावेत.)

दुसऱ्या भागात मिशेलचा तोल जातो आणि रेल्वेच्या डब्यात वीस माणसं मरतात. मग तिसरा भाग सगळा 'आता मिशेलचं काय होणार' यावर. जॉर्ज आणि अ‍ॅनीला कळलं तर मैत्री टिकेल का, वगैरे. अहो, त्या डब्यातल्या वीस जणांनाही घरं होती. कुणीतरी त्यांच्यासाठीही चहा करून ठेवला असेल. तुम्ही 'घर', 'आपलेपण' म्हणताय ते ठीक, पण मला त्या घरात राहायचं नाहीये.

रातपाळी
@दुपारचा_चहा, पटतं आणि नाही पण पटत. मला वाटतं मालिकेलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर तिसऱ्या भागाचा शेवट तसा आहे. ती माफ करत नाही.

माझे मोठे काका दारू प्यायचे. सोडायचे, धरायचे, सोडायचे. सोडलेले असायचे तेव्हा इतके गोड माणूस की कुणालाही वाटावं, हेच खरे. मिशेल बघताना मला ते दिसायचे. काकू त्यांच्यासोबत राहिल्या, पण पगाराचे पैसे कपाटात कुलूपबंद. माफी आणि कुलूप दोन्ही एकाच घरात असतं. लेखकाला ते जमलंय म्हणून मी बघत राहिले.

दुपारचा_चहा
कुलूपवालं समजलं. पण तुमच्या काकांनी स्वतःचं घर बुडवलं, दुसऱ्याचं नाही.

रातपाळी
दुसऱ्याचंही बुडवलं. तो किस्सा इथे नको.

दुपारचा_चहा
माफ करा ताई.

संपादक मंडळ
स्पॉइलर लिहिताना आधी ठळक सूचना द्यावी. आणि 'तो घरमालक' या विषयावर पहिल्या भागातलं काहीही इथे लिहू नये. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

मिसळ_जास्त_तर्री
घरमालकाचं काय आहे??? घरमालक वाईट असतो एवढं कळायला मालिका कशाला लागते?

गोदाकाठी
गप्प बस भाऊ. बघ आणि मग बोल.

तपोवनवाला
मूळ प्रश्नाकडे. अमेरिकन आवृत्ती मी पाहिलीय, सायफाय वाहिनीवर २०११ ते २०१४, चार सीझन, १३-१३ एपिसोड, म्हणजे ५२. बोस्टनला घडते. सुरुवातीला कथा ब्रिटिशसारखी चालते, पुढे वेगळी वाट धरते. वाईट नाही, चकचकीत आहे, एपिसोडही कमी वेळाचे. पण त्यातलं घर बघून भाडं परवडतं कसं हा प्रश्न पडतो. ब्रिस्टलचं घर बघून पडत नाही. चढावरचं, जुनं, ओल आलेलं.

आणि गोंधळ असा की अमेरिकन रक्तपिशाच्चाचं नाव एडन, आणि ब्रिटिश मिशेलचं काम करणाऱ्या नटाचं नावही एडन. एडन टर्नर. तोच पुढे हॉबिटच्या चित्रपटांत बुटक्या झाला. आई म्हणायची, "हा तो का?" मी "हो" म्हणायचो, कुठल्याही बाबतीत.

शब्दखोर
मतं नोंदवतो. ब्रिटिशच. पहिले दोन भाग ब्रिस्टलचे, तिसऱ्यापासून मंडळी वेल्समधल्या बॅरीला एका बंद पडलेल्या लॉजमध्ये जातात, आत हवाई बेटांची सजावट. तिसऱ्याच्या शेवटापासून जुने एकेक करून जातात, टॉम तिसऱ्यातच येतो आणि हॅल चौथ्यात. काहींना तिथे सोडावंसं वाटतं. मी म्हणेन सोडू नका, हॅल हा डोमिनोच्या सोंगट्या मांडून स्वतःला आवरणारा पाचशे वर्षांचा माणूस आहे. पण बहिणीकडे पंधरा-सतरा रात्रीच असतील तर पहिले दोन भाग, १४ एपिसोड, पुरे.

नमुन्याचा २००८चा भाग दाखवू नका. त्यात जॉर्ज तोच, रसेल टोव्ही, पण मिशेल आणि अ‍ॅनी वेगळे. ती गोंधळेल.

रातपाळी
आणि हसायचंच असेल तर 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' बघा, तेही रक्तपिशाच्चं एका घरात. चित्रपट २०१४चा, मालिका २०१९ ते २०२४. भांडी कोण घासणार यावर शेकडो वर्षांचं भांडण. पण ती नुसती मजा आहे. ती बघताना रडू येणार नाही.

नुसताच_वाचक
भांडी कोण घासणार ही खरी भयकथा.

*(अठरा दिवसांनी)*

गोदाकाठी
अहवाल द्यायला आलोय.

कोजागरीला बहीण आली. गच्चीवर दूध पिऊन खाली आलो, साडेदहा वाजले होते, लावली. जॉर्ज बदलतो त्या प्रसंगाला तिने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "कुणी मारलं?" पण उठून गेली नाही. चौथ्या रात्री मी झोपेला आलो होतो, तर म्हणाली, "तू जा, मी एक बघते." पहाटे दोनला माझ्या दाराशी : "दादा, तो घरमालक!!!" मी म्हटलं, झोप. म्हणाली, "झोपू? त्याने अ‍ॅनीला..." संपादक मंडळ, मी पुढचं लिहीत नाहीये.

पुढे मला विचारलं, "तू हे मला का दाखवलंस?" मी म्हटलं, भुताचं हवं होतं ना. ती काही बोलली नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सांगितलं की ती परत जाणार नाहीये. तिकडचं घर सोडलंय. तिथे काय चाललं होतं ते आता हळूहळू कळतंय. सध्या इथेच आहे. आई दिवसातून सहा वेळा चहा करतेय.

मिसळ भाऊ, पहिल्या प्रतिसादातली तुझी चेष्टा तिने वाचली. तिने सांगायला सांगितलंय : "सासरी जाऊन."

मिसळ_जास्त_तर्री
ताईंना माझा नमस्कार सांगा. दिवा मीच घ्यायला हवा होता.

रातपाळी
गोदाकाठी, तिला काही लागलं, दवाखाना, ओळखीचे वकील, काहीही, व्यनि (खाजगी निरोप) करा. रात्री कधीही. मी जागीच असते.

किरमिजी
तिला म्हणावं नोकरी हवी असेल तर आमच्याकडे क्वालिटीला जागा निघतेय. आणि घराचं म्हणाल तर माझंच अजून ठरत नाहीये, आत्ताचा मालक मार्चमध्ये रिकामं करायला सांगतोय. मुलाचं लग्न.

पंचवटीकर_काकू
किरमिजी, वाडा पडला तरी जागेवर आम्ही तीन मजले चढवलेत. वरची खोली रिकामी आहे, मोरी आत आहे, पाणी सकाळी सहा ते साडेसात, टाकीत साठतं. जिना वेगळा, तू अकराला ये की दोनला ये. पिंपळ तोडू दिला नाही, तो आहे. त्याच्याबद्दल लिहिलंच आहे वर.

किरमिजी
काकू, फुलवात मी ठेवीन. भाडं किती?

पंचवटीकर_काकू
ये आधी बघायला. रविवारी ये, जेवायलाच ये.

अर्धवट_पुणेकर
आमंत्रण दिलं बघा. नाशिककर सुधारणार नाहीत.